ताटातली रिकामी जागा

दिवाळीच्या फराळासाठी घेतलेला एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आमच्या स्वयंपाकघरात आहे. वर्षातले अकरा महिने तो मांडणीवर डब्यांच्या मागे पडून असतो. एका रविवारी तो काढला, सेल बदलला आणि ठरवलं, आज पोटात जे जाईल ते आधी याच्यावरून जाईल. पोहे ६० ग्रॅम. दुपारच्या तीन पोळ्यांची कणीक, प्रत्येकी ३० ग्रॅम. भाताला ५० ग्रॅम तांदूळ. रात्रीच्या दोन भाकऱ्यांना ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम, पिठल्याला बेसन २५. दोन वेळच्या चहात मिळून तीन चमचे साखर, दुपारच्या चहाबरोबर चार बिस्किटं. आमटी, बटाट्याची भाजी, पोह्यांवरचे शेंगदाणे असं बाकीचं. आई हे सगळं बघत होती. "मोजून खाल्लेलं अंगी लागत नाही," ती म्हणाली. अंगी लागू नये म्हणूनच तर हा खटाटोप चालला होता.

रात्री बेरीज केली. कर्बोदकं, म्हणजे साखर आणि पिष्ट, ३०० ग्रॅमच्या थोडी वर. प्रथिनं जेमतेम ५० ग्रॅम. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी ६० ते ६५ टक्के एकट्या कर्बोदकांतून आले होते. आणि यात श्रीखंड नव्हतं, वडापाव नव्हता, कुणाच्या लग्नातली जिलेबी नव्हती. ज्याला आपण 'घरचं साधं जेवण' म्हणतो तेच होतं.

हा काही एका घरातला प्रकार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीत एक लाखावर प्रौढ सामील होते. २०२५ साली तिचे खाण्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं. याच पाहणीच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हा कुणी 'लो-कार्ब करा' म्हणालं की त्याला थेट वेड्यात काढता येत नाही. आणि त्याच्या मागोमाग डोळे मिटून चालू लागणंही बरं नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवली की त्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. ५० ग्रॅमच्या खाली उतरलं की तो किटो, कारण तिथे शरीर इंधनाची जातच बदलतं. आमच्या काट्यावर ज्वारीची एक भाकरी ४० ग्रॅम कर्बोदकांची भरली. म्हणजे एक भाकरी आणि साखर घातलेला एक कप चहा झाला की किटोवाल्याचा दिवसभराचा कोटा जवळपास संपला. महाराष्ट्रात गेली काही वर्षं गाजलेली, डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत पोचवलेली 'दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांत' ही पद्धत निराळी. तिचा भर किती वेळा खाता यावर आहे, ताटात भाकरी राहू शकते. लोक दोन्ही एकाच पिशवीत घालतात आणि मग भांडतात.

आता थोडं मागे जाऊ. १८६२ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ९२ किलोंचे होते. उंची बेताची, पाच फूट पाच इंच. अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारं त्यांचं घराणं. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची १८५२ मधली प्रचंड अंत्ययात्रा त्यांच्याच पेढीने सांभाळली होती. पण स्वतः बँटिंगना बुटाची नाडी बांधता येत नव्हती आणि गुडघ्यांवर भार नको म्हणून जिना उतरताना ते पाठमोरे उतरत. वजन कमी करायला त्यांनी होडी वल्हवली, तर भूक आणखी वाढली. मग ऐकू कमी येतं म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वेंनी पॅरिसला क्लोद बर्नार यांची यकृत आणि साखर या विषयावरची व्याख्यानं ऐकलेली होती. त्यांनी बँटिंगना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितले. मासे, मांस, भाज्या आणि (हे महत्त्वाचं) वाइनचे पेले चालू. वर्षभरात बँटिंग सुमारे २१ किलोंनी उतरले. खूश होऊन त्यांनी १८६३ मध्ये स्वखर्चाने एक छोटी पुस्तिका छापली. ती इतकी खपली की इंग्रजीत 'बँट करणं' हे क्रियापदच झालं. स्वीडिश भाषेत वजन उतरवायला कमी खाणं याला आजही 'बान्ता' म्हणतात.

म्हणजे 'क्रांतिकारी' म्हणून मिरवणाऱ्या या आहाराचं वय दीडशेच्या वर आहे. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट अॅटकिन्स यांनी तो नव्या वेष्टनात आणला, आणि त्यानंतर दर दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी आणतच असतं. किटोची शाखा मात्र जरा गंभीर घराण्यातली. औषधांना दाद न देणाऱ्या फिटांसाठी १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी हा आहार सुचवला. उपाशी राहिलं की फिट कमी येतात हे माहीत होतं, पण मुलाला कायम उपाशी कसं ठेवणार? म्हणून उपाशीपोटाची रासायनिक अवस्था खाऊनपिऊन आणायची अशी ती युक्ती. लहान मुलांच्या काही हट्टी अपस्मारांत ती आजही वापरली जाते, मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या नजरेखाली, ग्रॅम-ग्रॅम मोजून. किटोचा सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे. वजनासाठी किटो करणारे याच पुराव्याकडे बोट दाखवतात तेव्हा मात्र ते दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर सही घेत असतात.

भाकरी थांबवल्यावर शरीरात नेमकं होतं काय?

आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. ही घरातली रोकड. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं बंद झाली की दोन-तीन दिवसांत ही रोकड बरीचशी खर्च होते आणि सोबतचं पाणी लघवीवाटे निघून जातं. त्यात इन्सुलिनची पातळी उतरते, त्यामुळे मूत्रपिंडं मीठ सोडतात आणि मिठामागून आणखी पाणी जातं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो कमी झाल्याचा जो आनंद व्हॉट्सअॅपवर फोटोसह कळवला जातो, तो बहुतांश या पाण्याचा. चरबीला अजून फारसा हात लागलेला नसतो. लग्नाची पंगत एकदा जेवून आलं की ते पाणी तसंच परत येतं, आणि माणूस म्हणतो, 'मला लगेच वजन चढतं.'

त्यानंतर खरी गोष्ट सुरू होते. मेंदूला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. ते मिळेना झालं की यकृत चरबी फोडून केटोन तयार करतं आणि मेंदू हळूहळू त्यावर चालायला शिकतो. केटोनांपैकी एक अॅसिटोन. ते श्वासातून बाहेर पडतं, म्हणून किटोवाल्याच्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा, जरा आंबूस-गोड वास येतो. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, चिडचिड होते. हे मुख्यतः गेलेल्या मिठा-पाण्याचं देणं. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याला याच काळात उठताना गरगरतं, कारण दाब आहाराने उतरलेला असतो आणि गोळी मात्र तीच.

फायदा आहे का? आहे, आणि तो नाकारणं खोटेपणाचं होईल. भूक बऱ्याच जणांची खरोखर मंदावते. ट्रायग्लिसराइड उतरतात, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं, जेवणानंतरची साखर उसळत नाही. मधुमेह असलेल्यांवरच्या २३ चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जो हिशेब आला, त्यात सहा महिन्यांनी लो-कार्ब गटातल्या ५७ टक्के लोकांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साडेसहाच्या खाली गेलेली होती. इतर आहारांच्या गटात ३१ टक्क्यांची. सहा महिन्यांत इतका फरक पाडणारी गोळी निघाली असती तर तिची पहिल्या पानावर बातमी झाली असती. त्याच हिशेबात पुढची ओळही आहे. बारा महिन्यांनी हा फरक बराचसा विरून गेला.

विरला का, याचं उत्तर प्रयोगशाळेपेक्षा स्वयंपाकघरात सापडेल असं मला वाटतं. आषाढात ठरवलेलं गणपतीत मोडतं आणि पितृपक्षात पुन्हा सुरू करायचं राहून जातं.

वजनाच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ चाचणी स्टॅनफर्डच्या ख्रिस्टोफर गार्डनर यांची. २०१८ साली प्रसिद्ध झालेली. ६०९ माणसं, पूर्ण वर्ष. अर्ध्यांनी चरबी कमी केली, अर्ध्यांनी कर्बोदकं. दोघांनाही सांगितलं होतं की साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, घरी शिजवा, उष्मांक मोजत बसू नका. वर्षाअखेर पहिल्या गटाचं सरासरी वजन ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. म्हणायला फरक, प्रत्यक्षात बरोबरी. कुणाला कुठला आहार मानवेल हे जनुकांवरून किंवा इन्सुलिनवरून आधी सांगता येईल ही आशा होती, तीही फोल ठरली. गंमत सरासरीच्या आत दडलेली आहे. दोन्ही गटांत काहींचं वजन पंचवीस किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. म्हणजे शेजारच्या काकांना जो आहार लागू पडला तो आपल्याला पडेलच असं नाही, आणि नाही पडला तर दोष आपल्या निग्रहाचाच असतो असंही नाही.

'इन्सुलिन वाढलं की चरबी साठते, म्हणून कर्बोदकं हीच लठ्ठपणाचं मूळ' हा सिद्धान्त ऐकायला फार सुटसुटीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा असलेले केव्हिन हॉल यांनी तो तपासला. वीस जणांना महिनाभर रुग्णालयात ठेवून घेतलं. दोन आठवडे १० टक्के कर्बोदकांचा प्राणिजन्य आहार, दोन आठवडे ७५ टक्के कर्बोदकांचा वनस्पतिजन्य आहार, दोन्हींत हवं तेवढं खायची मुभा. कर्बोदकांच्या पंधरवड्यात साखर आणि इन्सुलिन दोन्ही वर गेली. तरी त्याच पंधरवड्यात लोकांनी दिवसाला सरासरी सुमारे ६९० उष्मांक कमी खाल्ले, आणि चरबी खरोखर घटली ती त्यातच. दोन आठवड्यांचा प्रयोग आहे, त्यावरून आयुष्याचं गणित मांडू नये. पण 'इन्सुलिन चढलं की माणूस फुगलाच' हे वाक्य काही त्यातून टिकत नाही. मधुमेह परतवल्याचं गाजलेलं ब्रिटिश उदाहरण बघा. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या चाचणीत वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. सुरुवातीचे तीन ते पाच महिने ते दिवसाला साडेआठशेच्या आतबाहेर उष्मांकांची तयार पेयं पीत होते. त्या पेयांत ५९ टक्के उष्मांक कर्बोदकांचे होते. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली, साखर सुधारली. कर्बोदकं तशी भरपूरच होती, एकूण खाणं मात्र फार थोडं.

मग आपण भारतीयांनी भाकरीकडे बघायचंच नाही का? इथे पुण्याची एक गोष्ट सांगायला हवी.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. (साखरेविरुद्ध १९७२ मध्ये पुस्तक लिहिणारे जॉन युडकिन हे वेगळे, नावाने फसू नये.) पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने नव्वदच्या दशकापासून बाळंतपणांचा जो अभ्यास केला, त्यात तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपली बाळं प्रत्येक मापाने लहान, पण चरबीत मात्र फारशी मागे नाहीत. कमी पडतो तो स्नायू. 'बारीक आहे, त्याला कुठला मधुमेह' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य इथेच निकालात निघतं.

आता ही दोन टोकं जोडा. जेवणातली साखर गिळून साठवणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. आपलं कोठार जन्मापासून लहान, आणि त्यात रोज तीनशे ग्रॅमची आवक. आवक कमी करायला हवी हे पटतं. पण आवक कमी करताना प्रथिनांकडे दुर्लक्ष झालं, नुसती पोळी वगळून काकडी-टोमॅटोवर दिवस काढले, तर वजनाबरोबर स्नायूही झिजतो आणि आधीच लहान असलेलं कोठार आणखी आकसतं. काटा खूश, शरीर तोट्यात. किती कमी करायचं याचा अंदाज 'इंडियाब'च्याच अभ्यासकांनी २०२२ मध्ये अठरा हजार लोकांच्या नोंदींवरून मांडला. नव्याने मधुमेह निघालेल्यांनी तो परतवायचा असेल तर कर्बोदकं साधारण ४९ ते ५४ टक्के, प्रथिनं १९ ते २० टक्के. किटोच्या दहा टक्क्यांपासून हे कितीतरी दूर आहे. बासष्टवरून पन्नासच्या आसपास यायचं, इतकंच. पण रोज, आणि कायम.

२०२५ च्या निष्कर्षांतली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिची चर्चा फार थोडी झाली. तांदूळ-मैद्याऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्यांचं पीठ खाल्लं, पण कर्बोदकांचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. धोका कमी दिसला तो कर्बोदकांची थोडी जागा डाळी-कडधान्यं आणि दूध-दही यांतल्या प्रथिनांनी घेतली तिथे. ज्वारी-नाचणी चांगलीच, त्यांच्यात तंतू आहेत, खनिजं आहेत. पण पोळी सोडून तीन भाकऱ्या खाणाऱ्याने 'मी आता मिलेटवर आहे' म्हणून निश्चिंत राहू नये. मल्टिग्रेन आट्याच्या पाकिटांवरची हिरवी शेतंही जरा सावधपणे बघावीत.

तेव्हा प्रश्न भाकरी काढायची की नाही हा उरत नाही. ती काढल्यावर ताटात जी जागा रिकामी होते, तिथे काय येतं, यावर पुढचं सगळं ठरतं. अमेरिकेत पंधरा हजारांवर लोकांचा सुमारे पंचवीस वर्षं माग काढणारा अभ्यास २०१८ मध्ये आला. फार कमी कर्बोदकं खाणारे आणि फार जास्त खाणारे, दोन्ही टोकांना मृत्यूचं प्रमाण जास्त, मध्ये पन्नास-पंचावन्न टक्क्यांना सगळ्यात कमी. त्यातही कर्बोदकांच्या जागी मटण-चीज आलं त्यांचं प्रमाण वाढलेलं, डाळी, दाणे, शेंगा आल्या त्यांचं घटलेलं. असल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, दिशा कळते. ती दिशा आपल्या ताटाला सोयीची आहे, मटकी आणि शेंगदाणा कुणाला शिकवायला नकोत.

सोय परवडायलाही हवी. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबांना रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे दिवसाला माणशी सुमारे १६५ ग्रॅम तांदूळ किंवा गहू फुकट, आणि तूरडाळ मात्र बाजारभावाने. 'प्रथिनं वाढवा' हा सल्ला लिहून द्यायला काहीच लागत नाही. आणि धर्मानेही जरा उलटंच शिकवलं आहे. आपला उपास म्हणजे अन्न कमी करण्याचा दिवस, आणि त्या दिवशीचा मानकरी साबुदाणा. कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८५ हून अधिक ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. त्यातले दाणे आणि सोबतचं दही तेवढं खिचडीची अब्रू राखतात. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय.

शाकाहारी किटो हा प्रकार तर मला काहीसा केविलवाणा वाटतो. डाळी गेल्या, फळं गेली, कांदा-गाजरसुद्धा मोजून. उरतं पनीर, साय, लोणी, खोबरं, बदाम. तंतू इतके कमी की पोट साफ होत नाही. आणि संपृक्त चरबी इतकी की काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, महिन्या-दोन महिन्यांत झपाट्याने चढतं. हे सगळ्यांना होत नाही. कुणाला होईल हे आधी कळत नाही, म्हणून सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी रक्त तपासावं. 'तूप शरीराला चांगलं असतं' हे वाक्य चमच्याबद्दल आहे, वाटीबद्दल नाही. यूरिक अॅसिड वाढून अंगठा सुजणं, भराभर वजन उतरल्यावर पित्ताशयात खडे होणं, ही आणखी दोन देणी. गरोदरपणात आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वतःच्या मनाने किटो करूच नये.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक धोका असा आहे की तो तासांत गाठतो, आणि तो नेमका त्यांनाच आहे ज्यांना या आहाराचा सर्वाधिक फायदा व्हायचा.

मधुमेहाच्या नव्या गोळ्यांत 'ग्लिफ्लोझिन' कुळातल्या गोळ्या आहेत. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. त्या रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडांसाठी त्या फार गुणाच्या आहेत. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं, कंपन्यांची रांग लागली, किंमत कोसळली, आणि गोळी गावोगाव पोचली. आता अशी गोळी चालू असलेल्या माणसाने किटो सुरू केला असं समजा. गोळी साखर बाहेर काढतेय, ताटातून साखर येत नाहीये, इन्सुलिन तळाला. केटोन बनत जातात, आणि आवर घालायला इन्सुलिन पुरेसं उरत नाही तेव्हा रक्त आम्ल होऊ लागतं, यालाच केटोअॅसिडोसिस म्हणतात. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, दम लागणं. घरचे म्हणतात पित्त झालं असेल. बोटाला सुई टोचून साखर बघतात तर १८०. म्हणतात, साखर तर बरी आहे, सकाळी बघू. केटोअॅसिडोसिसमध्ये साखर चारशे-पाचशे असते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. या गोळ्यांवर ती तशी नसते आणि म्हणूनच फसगत होते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मे २०१५ मध्येच हा इशारा दिला होता. यू-ट्यूबवर सहा मिनिटांत किटो शिकवणाऱ्याने तो ऐकला असेलच असं नाही.

इन्सुलिनची इंजेक्शनं, आणि ग्लिमेपिराइडसारख्या स्वादुपिंडाला हाकून इन्सुलिन काढायला लावणाऱ्या गोळ्या, यांचा धोका उलट्या दिशेचा. औषधाचा डोस दोन भाकऱ्यांच्या हिशेबाने ठरलेला असतो. भाकरी गेली आणि गोळी राहिली की साखर पन्नास-साठवर घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात, म्हातारा माणूस न्हाणीघरात पडतो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. म्हणून आहार बदलायच्या आधी डॉक्टरला विचारायचं ते 'करू का?' एवढंच नाही. 'गोळ्या कुठल्या, किती कमी करायच्या?' हे विचारायचं.

पुढच्या रविवारी काटा पुन्हा काढला. पोहे तेवढेच. दुपारी एक पोळी कमी, भात अर्धा, आणि ३० ग्रॅम मटकीची उसळ. एक वाटी दही. चहात साखर अर्ध्यावर, बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे. रात्री दोनऐवजी एक भाकरी आणि दोन अंडी. बेरीज केली तर कर्बोदकं २२५ ग्रॅमच्या जवळ, म्हणजे एकूण उष्मांकांपैकी पन्नास टक्के. प्रथिनं जेमतेम पन्नासवरून चौसष्टवर आली. अभ्यासकांनी सांगितलेल्या १९-२० टक्क्यांच्या मानाने हे अजून चौदाच. भूक लागली नाही. पोळीची आठवण मात्र आली, विशेषतः आमटी उरली तेव्हा.

आईच्या ताटातली भाकरी मात्र मी काढली नाही. तिच्या गोळ्यांच्या डबीत सकाळच्या खणात ग्लिमेपिराइड आहे, आणि डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली होती. तोवर तिला दोन भाकऱ्या, रोजच्यासारख्या. फक्त शेजारी उसळ वाढली. तिने ती आधी संपवली.